घासलेली कवळी

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

पाक चुकला. तिळाच्या वड्या दगड झाल्या. हळदीकुंकू झालं, वाण देऊन झालं, बायका गेल्या. मग एक वडी मीच दाढेखाली धरली — अन् उजव्या कानापाशी ‘कट्’! तिळात खडा असेल म्हणून थुंकून पाहिलं. खडा नव्हता.

उरलेल्या वड्या टाकणार नाही. कुटून लाडू वळीन.

१६ जानेवारी, गुरुवार

कान ठणकून राहिला. लसणाचं तेल कोमट करून घातलं. फरक नाही. पोथी मोठ्यानं वाचवली नाही. ओठ न हलवता वाचली. महाराज समजून घेतील.

अंगणातली शेवंती होती तेवढी खुडून मामाजींच्या फोटोला हार केला. सासऱ्यांना जाऊन बारा वर्षं झाली, एक गुरुवार चुकला नाही. लग्न होऊन मी या घरात आले ती नुसती मॅट्रिक. मामाजी तहसील कचेरीतले, मोठे मानाचे. पहिल्याच महिन्यात कोरी वही हातात दिली. म्हणाले, “कौशल्या, घराचा हिशेब आजपासून तुझ्याकडे.” मला कधी चढ्या आवाजात बोलले नाहीत. देवमाणूस!

१८ जानेवारी, शनिवार

पोळीची घडी तोंडात जात नाही. जांभई आली की डोळ्यांत पाणी. हे म्हणाले, “दाखवून ये, उगाच तेल ओतत बसू नको.” रामदासपेठेत कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दिवा लावून पाहिलं अन् हसले. “काकू, कान आरशासारखा साफ आहे. हे कानाचं नाही, जबड्याचं. दातांच्या डॉक्टरला दाखवा.”

कानाचं नाही हे कळायला केवढी ती फी!

२० जानेवारी, सोमवार

सरकारी दवाखान्यात दातांच्या विभागात गेले. साडेआठला चिठ्ठी काढली, नंबर आला साडेअकराला. डॉक्टर म्हणजे पोरगीच. अपेक्षा नाव. दोन्ही हातांची बोटं माझ्या कानांपुढे ठेवली. “उघडा. मिटा. परत उघडा. लागतं का हाताला? ही बिजागरी, काकू. दाराला असते तशी. मधात एक छोटी गादी असते. ती सरकली की कट् वाजतं.” मग माझीच बोटं माझ्या तोंडात उभी धरायला लावली. तीन मावायला पाहिजे. माझी दोनही धड मावली नाहीत.

विचारलं, “दात आवळून ठेवता का?”

म्हटलं, नाही बा.

“काही करताना? हिशेब? शिवण? जप?”

“जप तर मी मनातल्या मनात करते.”

“आत्ता करून दाखवा.”

मी डोळे मिटले, नाम घेतलं. तिनं गालावर बोट टेकवलं. “बघा, दगड झाला.” माझाच हात धरून गालावर ठेवला. खरंच दगड! तीस वर्षं देवाचं नाव घेतलं ते दात आवळून. मला पत्ताच नाही.

ऑपरेशन-बिपरेशन काही नको म्हणाली, बहुतेकांचं असंच सुधारतं. मऊ खायचं. गरम शेक द्यायचा. गालाला हात लावून बसायचं नाही. मोबाईल मानेत धरायचा नाही. जांभई आली की हनुवटीखाली मूठ. अन् दिवसभर एकच ध्यानात ठेवायचं — ओठ मिटलेले, दात सुटे. रात्रीसाठी दातांवर बसवायची एक पारदर्शक पट्टी करून देतील, पुढच्या सोमवारी माप.

निघता निघता मी विचारलं, हे होतं तरी कशानं? ती बोलत गेली. वडी नुसती निमित्त. कोणाला ताणानं होतं, कोणाला कधी मार लागला म्हणून, कोणाचा चावा बिघडला म्हणून. “एका दाढेत भरलेली चांदी थोडी उंच बसली तरी जबडा बसायला जागा शोधत फिरतो. कवळीवाल्या म्हाताऱ्या माणसांचं तर विचारू नका. कवळी बसकी झाली की हनुवटी वर येते, गाल आत जातात, सगळा भार बिजागरीवर. ते बिचारे कान दुखतो म्हणून कापूस घालून फिरतात.”

बसमध्ये जागा मिळाली होती. तरी घर येईपर्यंत मी उभ्या माणसासारखी दांडा धरून होते.

२१ जानेवारी, मंगळवार

लिहून टाकते. कोणाला सांगितलं नाही कधी.

सासूबाईंची, म्हणजे आईंची कवळी मी घासली होती.

चार वर्षं झाली. कवळी नवीन करून आणली होती, महिनाही झाला नव्हता. आई म्हणाल्या, “उजवीकून उंच लागते वं. चावलं का ठेचते.” दवाखान्यात परत न्यायचं म्हणजे ऑटो, नंबर, अर्धा दिवस. दाराला रंग दिला त्यातला पॉलिश पेपर कपाटावर पडला होता. म्हटलं, द्या इकडे. ओसरीत बसून उजव्या दाढा घासल्या. लावून पाहिली तर म्हणे आता डावीकडे लागते. डावीकडे घासली. मग परत उजवीकडे. पाटाचा डुगडुगणारा पाय सारखा करावा तशी घासतच गेले. शेवटी आई म्हणाल्या, “बस, झालं. चांगली झाली.” मला केवढी फुशारकी! चकरच वाचवली म्हणून.

त्यानंतर त्यांचं सुरू झालं. कानात कापूस. गालाला मिठाची पुरचुंडी. भाकर चहात बुडवून खायच्या. मी म्हणायची, कूलरचं वारं लागलं असेल. मग म्हणायला लागले, हे नखरे आहेत. शेजारच्या यमुताईंकडे बसल्या की शिरा खायच्या, अन् माझ्या घरची भाकर बाजूला सारायच्या! असं वाटायचं की मुद्दाम करतात, चार लोकांत मला कमीपणा आणायला.

दुखत होतं त्यांना. मला आज दुखतं आहे तसंच, इथंच.

२२ जानेवारी, बुधवार

मऊ खिचडी. शेक. ओठ मिटलेले, दात सुटे — चिठ्ठी लिहून देवघरात लावली. दर दहा मिनिटांनी पाहते तर दात आवळलेलेच.

२३ जानेवारी, गुरुवार

मामाजींचा हार ओवताना ते श्राद्ध आठवलं. आठवलं कशाला म्हणू, विसरले कधी होते.

तीन वर्षांपूर्वी पितृपक्षात. उडदाचे वडे, कढी, खीर, भाजी, सगळं मी एकटीनं केलेलं. सुशील भाऊजी अन् जाऊ हर्षा उमरेडहून आलेले. आईंनी वड्याचा एक तुकडा मोडला, तोंडात फिरवला, फिरवला अन् हळूच पानाच्या कडेला काढून ठेवला. कढीभात खाऊन उठायला लागल्या. माझा तोल गेला. सगळ्यांसमोर म्हणाले, “ज्यांच्या नावाचं पान, त्यांची तरी लाज ठेवा! त्यांनी तुम्हाला जन्मभर राणीसारखं ठेवलं, अन् तुम्ही त्यांच्या नावाचं उष्टं टाकता?”

आईंनी तो चावलेला वडा उचलून परत तोंडात घातला. पाण्याबरोबर गिळला. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं सुशील भाऊजींबरोबर उमरेडला गेल्या त्या गेल्याच. दिवाळीला यांनी आणायला जावं, त्यांनी म्हणावं, पुढच्या वर्षी पाहू. माझं त्यांचं तीन वर्षांत बोलणं नाही.

आईंचीच गाऱ्हाणी सांगत होते मी माझ्या महाराजांना एवढी वर्षं!

२५ जानेवारी, शनिवार

एकादशी. हिंमत करून उमरेडला फोन लावला. हर्षानं उचलला. “अगं बाई, ताई तुम्ही? नंबर चुकला का?” ऐकून घेतलं. ऐकायलाच पाहिजे.

आईंचं विचारलं. म्हणे, ताक अन् भात. फार झालं तर वरण. “पोलकी दोनदा आत घेतली मी त्यांची. कवळी लावतच नाहीत.”

मी विचारलं, का लावत नाहीत?

“त्यांच्या हातून मोरीत पडली म्हणे तुमच्याकडे असताना, तेव्हापासून बसत नाही. नवी करून देतो म्हटलं तर म्हणतात, एक तर माह्या हातानं बिघडवली, अजून कशाला खर्च.”

मोरीत पडली!

फोन ठेवला अन् देवघरात जाऊन बसले. जप होईना.

२६ जानेवारी, रविवार

यांना सगळं सांगितलं. पॉलिश पेपरासकट. चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, “चार वर्षं झाले. आता काहून काढतेस?”

म्हटलं, जबडा माझा दुखायला लागला म्हणून. खोटं कशाला लिहू. तसं नसतं तर अजूनही मी त्यांना नखरेवालीच म्हणत असते.

“मग जाय अन् घेऊन ये,” म्हणाले. “मी गेलो तर यायची नाही. तू गेलीस तर माहीत नाही.”

२७ जानेवारी, सोमवार

दवाखान्यात माझ्या पट्टीचं माप दिलं. अपेक्षाबाईंना विचारलं, चार वर्षांपूर्वी बिघडलेली कवळी नीट होते का? म्हणाल्या, माणूस आणि कवळी दोन्ही घेऊन या.

१ फेब्रुवारी, शनिवार

उमरेड. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, तरी खिडकीशी बसून मला वाटत होतं की गाडी बंद पडावी.

हर्षानं दारातच, “या ताई! आज सूर्य कुठून उगवला?” आतून आईंचा आवाज, “येऊ दे वं तिले आत. टोमणे मंग मार, चहा ठेव आधी.”

केवढ्याशा झाल्या! गाल आत, हनुवटी नाकाला लागायची तेवढी बाकी. मला पाहून हसल्या. आईंचं तोंड उघडताना पहिल्यापासून जरा डावीकडे जातं, हसणं तिरपं होतं. माझ्या लग्नाच्या फोटोतही तसंच आहे. ते तिरपं हसणं पाहिलं अन् मी पाय धरले.

“आई, कवळी मी घासली. मोरीत पडली नव्हती.”

“मले माहीत नाही काय? मीच तर तोंडातून काढून देल्ली होती तुह्या हातात.”

“मग सांगितलं काहून नाही कोणाला?”

“सांगून काय होते वं? घरातली गोष्ट.”

“अन् श्राद्धाच्या दिवशी मी जे बोलले...”

आईंनी पदरानं माझ्या पाठीवरचा घाम पुसला, लहान पोरीचा पुसावा तसा. चहा थंड करून आधी मला दिला. “तुह्याही जबड्याले काही झालं म्हणे? गरम नको पिऊ.”

नागपूरला चला म्हटलं तर, “आता दात लावून का लगनाले उभी राहू?” हर्षा खो-खो हसली. सुशील भाऊजी म्हणाले, “पाह्यतो ना मी जोडीदार, दात तर येऊ दे.” तासभर असंच चाललं. शेवटी त्या स्वतःच उठल्या. ट्रंकेतून चिंधीत बांधलेली कवळी काढली. तीन वर्षं न लावता जपून ठेवली होती! पैशाची वस्तू फेकवत नाही. माझ्यासारख्याच आहेत. हे मला आज कळलं.

३ फेब्रुवारी, सोमवार

अपेक्षाबाईंनी कवळी उजेडात धरून फिरवून पाहिली. “हे कोणी घासलं?”

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या, “म्या घासली पोरी. उंच लागे.”

आजूबाजूला चार-पाच शिकाऊ पोरं-पोरी उभी होती. तरी म्हणाले, “नाही. मी घासली. दाराच्या पॉलिश पेपरानं.” एक पोट्टा फसकन हसला. अपेक्षाबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मला रागावल्या नाहीत. तेच जास्त लागलं. म्हणाल्या, “आम्ही निळा कागद चावायला देतो काकू. जिथं डाग उठतो तेवढंच टोक काढतो, केसभर. तुम्ही सगळ्या दाढा सपाट केल्या. आजींचा चावा एवढा खाली आला.” अंगठा अन् बोट यांत फट धरून दाखवली. जवारीचा दाणा मावेल एवढी. एवढ्याशा फटीनं तीन वर्षं ताक-भात!

नवीनच करावी लागेल. चार-पाच चकरा. येऊ म्हटलं, दहा लागल्या तरी येऊ.

मग जबड्याचा एक्स-रे काढला. तो पाहताना त्या थांबल्या. मोठ्या सरांना बोलावलं. दोघांनी आईंच्या डाव्या कानापुढे बोटं ठेवून तोंड उघडायला-मिटायला लावलं.

“आजी, डावीकडे बिजागरीजवळचं हाड कधी तरी मोडलं होतं. आपोआप जुळलं, पण तिरपं. खूप जुनं आहे. म्हणून तोंड डावीकडे जातं. कधी लागलं होतं?”

“बंडीवरून पडली होती,” आई म्हणाल्या. “तवाच्या गोष्टी.”

“दवाखान्यात नाही नेलं कोणी?”

“हळद बांधली. पंधरा रोज पेज पेली. झालं.”

अपेक्षाबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, बिजागरी आधीच अधू होती, कवळीनं त्यात भर घातली. खरं लिहायचं तर मला हायसं वाटलं. सगळंच माझं नव्हतं! दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत ते हायसं टिकलं. मग लाज वाटली. मोडक्या जागेवरच मी अजून भार टाकला, अन् हायसं कसलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

हे सकाळपासून विचारात. “आई बंडीवरून कधी पडली? आपल्या घरी बैल-बंडी होतीच कुठं? बाबा तर कचेरीत सायकलनं जात.”

म्हटलं, माहेरी पडल्या असतील लग्नाआधी. त्यांना पटलं. मलाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

आईंचं माप झालं. माझी पट्टी मिळाली. रात्री लावून झोपायची. हे म्हणतात, “बॉक्सिंग खेळायले चालली का?” आई हसल्या. तिरपं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

महाराजांचा प्रकट दिन. पाच आठवड्यांनी पोथी परत मोठ्यानं वाचली, एक अध्याय. अडीच बोटं मावतात आता. आई समोर बसून ऐकत होत्या. मी मध्येच थांबले तर म्हणाल्या, “दात सोड वं, आवळले तू.” त्यांनीच ओळखलं!

मामाजींना हार घालताना मात्र त्या नेहमीसारख्या उठून मागच्या अंगणात गेल्या. तुळशीला पाणी घालतात त्या वेळी. वर्षानुवर्षं हेच.

३ मार्च, सोमवार

आज मेणाचा चावा घेतला. मेणाच्या पट्ट्या तोंडात ठेवून अपेक्षाबाई म्हणत होत्या, “आजी, जोर नको. आपोआप मिटू द्या. जबड्याला त्याची जागा शोधू द्या.” आईंना ते जमेना. मिटायचं म्हटलं की आवळतच होत्या. सातव्या-आठव्या खेपेला सैल पडल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. “दुखतं का?” विचारलं, तर मान हलवली. नाही.

१७ मार्च, सोमवार

नवी कवळी! आरसा दिला तर आईंनी पालथा घातला. “थेरडीचं काय पाहाचं.” घरी येऊन गुपचूप कपाटाच्या आरशात पाहून राहिल्या होत्या. मी पाहिलंच नाही असं दाखवलं.

पहिले चार दिवस मऊच. मग बारीक तुकडे, दोन्ही बाजूंनी चावायचं. कुठं टोचलं तर घरी हात लावायचा नाही. हे अपेक्षाबाईंनी माझ्याकडे पाहून सांगितलं. उरलेला पॉलिश पेपर मी कालच चुलीत घातला होता. तसं सांगितलं त्यांना.

२० मार्च, गुरुवार

डावीकडे हिरडीला टोचतं म्हणाल्या. लगेच ऑटो केला. निळा कागद, एक टोक, दहा मिनिटं. एवढंच होतं तेव्हाही.

२७ मार्च, गुरुवार

दुपारी हार ओवत बसले होते. आई शेजारी भाकर खात होत्या. माझ्या हातची, ज्वारीची. बारीक तुकडे, दोन्ही बाजूंनी. एकदम म्हणाल्या, “बंडी नव्हती वं.”

मी सुई थांबवली. त्यांनी हनुवटीनं फोटोकडे दाखवलं. “भाजीत मीठ जास्त झालं होतं.” अन् पुढचा तुकडा तोंडात घातला.

मामाजींची बंडी, माझी मोरी. दोघांचंही त्यांनीच झाकलं.

हार परडीतच आहे.